एकच पीट, तीन पद्धती, तीन वेगळे कर्ब : नेमकं गंडलंय कुठे?

चिखलपाय (धागाकर्ता)

मंडळी, डोक्याला शॉट लागलाय म्हणून धागा काढतोय. माझ्याकडे दोन नमुने आहेत. एक पाणथळ जागेतलं पीट (पाण्यात अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा थर), वरच्या मीटरभरातलं, काळपट तपकिरी, मुठीत दाबलं की गढूळ पाणी येतं आणि थोडासा लगदा बोटांमधून निसटतो. दुसरी जंगलातली लालसर चिकण माती, वरचे १५ सेंमी. दोन्हीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) काढायचाय आणि पुढे हेक्टरी टनात मांडायचाय. एकाच पद्धतीवर विसंबायला नको म्हणून तिन्ही करून पाहिल्या आणि आता पस्तावतोय.

पीट : वॉकली-ब्लॅकने (डायक्रोमेटने कर्ब जाळायचा, उरलेलं डायक्रोमेट टायट्रेशनने मोजायचं) ३८.६, ३८.८, ३८.८ टक्के. मफल फर्नेसमध्ये (बंद भट्टीत) ५५० अंशाला ४ तास ठेवलं तर ९३ टक्के वजन जळून गेलं, त्याला १.७२४ ने (सेंद्रिय पदार्थावरून कर्ब काढायचा नेहमीचा आकडा) भागलं की ५३.९. सीएचएन मशीनवर (नमुना जाळून कर्ब, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणारं) बाहेरून करून आणलं ते ४४.३.

जंगलाची माती : वॉकली-ब्लॅक ४.७, फर्नेसमध्ये १४ टक्के घट म्हणजे कर्ब ८.१, सीएचएन ५.०.

आता यातलं खरं कुठलं धरू? माझा कल पीटसाठी वॉकली-ब्लॅककडे आहे कारण तिन्ही रिडिंग एकमेकांना चिकटून आलीत, इतकं सुंदर जुळलेलं मी आजवर काही केलेलं नाही.

पाचोळा

वाचतोय. मलाही हाच प्रश्न पडलाय फक्त माझ्याकडे पीट नाही.

ब्युरेटवाली

इतकं सुंदर जुळलंय तिथेच मला शंका येतेय. ब्लँकला (नमुना न घातलेल्या फ्लास्कला) किती लागलं, नमुन्याला किती लागलं आणि वजन किती घेतलं होतं ते सांगा ना. आणि सल्फ्युरिक ऍसिड ओतल्यावर फ्लास्कचा रंग काय झाला?

चिखलपाय

ब्लँक २०.० मिली (उरलेलं डायक्रोमेट मोजायचं फेरस अमोनियम सल्फेट, ०.५ नॉर्मल), नमुन्यांना ०.२, ०.१ आणि ०.१. वजन ०.१ ग्रॅम. रंग ऍसिड टाकताच एकदम हिरवा झाला, मला वाटलं वा, काय झकास रिऍक्शन चाललीय.

ब्युरेटवाली

अहो चिखलपाय, तुम्ही पीट मोजलंच नाही, तुम्ही डायक्रोमेट संपवलंत :)

हिशेब बघा. १० मिली १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट म्हणजे १० मिलिइक्विव्हॅलंट (रिऍक्शनच्या ताकदीचं माप), आणि एक मिलिइक्विव्हॅलंट जाळतं ३ मिलिग्रॅम कर्ब. म्हणजे फ्लास्कमधला सगळा डायक्रोमेट खर्ची पडला तरी जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम कर्ब जळणार. ०.१ ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम म्हणजे ३० टक्के, त्याला नेहमीचा १.३ चा गुणक लावला की ३९. तुमच्या फ्लास्कमध्ये पीट असो, कोळसा असो की साखर, ०.१ ग्रॅमला उत्तर ३९ च्या वर जाऊच शकत नाही. तिन्ही रिडिंग जुळली कारण तिन्ही वेळा तुम्ही तळाला जाऊन आपटलात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

केशरी रंग पूर्ण जाऊन आधीच हिरवं झालं की तिथेच थांबायचं, टायट्रेशन करायचंसुद्धा नाही, कमी वजन घेऊन नव्याने करायचं. १० पैकी ८ मिलीपेक्षा जास्त खर्च होतोय असं दिसलं तरी तेच. तुमच्या पीटला ०.०५ ग्रॅम घ्या, आणि त्यासाठी चार दशांशाचा तराजू शोधा, कारण एवढ्याशा वजनात एक मिलिग्रॅमची चूक म्हणजे थेट २ टक्क्यांची चूक.

आणि तो १.३ पण काही देवाने दिलेला नाही. वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ मध्ये ही पद्धत दिली तेव्हा बाहेरून उष्णता न देता, फक्त ऍसिड मिसळल्याने जी उष्णता निघते तेवढ्यावर कर्ब साधारण ७७ टक्केच जळतो असं धरलं, आणि उरलेल्याची भरपाई म्हणून १.३. शेतातल्या मातीला चालून जातं. जंगलाच्या मातीत जुन्या वणव्यांचा कोळसा असेल तर तो याला फारसा दाद देत नाही. तुमचे ४.७ सीएचएनपेक्षा कमी का याचं एक कारण ते असू शकतं.

शून्य_गणित

+१. आणि मातीत क्लोराइड जास्त असेल, म्हणजे खारी जमीन, तर उलटं होतं, क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि कर्ब फुगून दिसतो.

चिखलपाय

अरे देवा. मी त्या तीन आकड्यांचा ग्राफ पण काढला होता.

मुशीतला_धूर

आता फर्नेसकडे या, तो माझा प्रांत. तुमच्या ९३ टक्क्यांवर माझा विश्वास आहे, १.७२४ वर नाही. हा आकडा व्हॅन बेमेलनच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय, सेंद्रिय पदार्थात ५८ टक्के कर्ब असतो या गृहीतावर. नंतर लोकांनी इतक्या मातींवर तपासलं आणि बहुतेक ठिकाणी ५० च्या आसपास निघाला, म्हणजे भागायचं तर २ च्या जवळपासच्या आकड्याने. तरी पाठ्यपुस्तकातून १.७२४ हलत नाही, पालथ्या घड्यावर पाणी.

पण जंगलाच्या मातीत भानगड वेगळी आहे. लालसर चिकण माती म्हटल्यावर त्यात केओलिनाइट (चिकण मातीचं एक खनिज) असणार. केओलिनाइटच्या स्फटिकात जवळजवळ १४ टक्के पाणी बांधलेलं असतं, ते १०५ अंशाला सुटत नाही, ४५० च्या पुढे जायला लागलात की सुटतं. तुमच्या मातीत समजा ३० टक्के केओलिनाइट आहे, तर त्याचंच ४ टक्क्यांहून जास्त वजन ५५० ला उडालं, आणि तुम्ही ते कर्बाच्या खात्यावर टाकलंत. १४ मधून ४.२ वजा करा, राहिले ९.८, आणि त्याला १.९ ने भागलं तर ५.२ च्या आसपास. बसलं ना सीएचएनच्या जवळ?

चिकण मातीला तापमान खाली ठेवा, ४०० च्या आतबाहेर आणि रात्रभर, काही जण ३७५ ला १६ तास ठेवतात. पण गिब्साइट (ऍल्युमिनियमचं एक खनिज) असेल तर तो ३०० ला पण पाणी सोडतो, तिथे हाही उपाय लंगडा पडतो.

पीटबद्दल दोन गोष्टी. थेट तापलेल्या भट्टीत ठेवू नका, भसकन पेट घेतं आणि राखेचे कण मुशीबाहेर उडतात, तापमान हळूहळू चढवा. आणि मुशी बाहेर काढल्यावर डेसिकेटरमध्येच (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. राख हवेतलं पाणी ओढते, आणि तुमच्या पीटची राख उरतेच मुळी ७ टक्के.

बारीकसारीक

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ सीएचएन करा आणि विषय संपवा. ९०० अंशाच्या वर ऑक्सिजनमध्ये सगळं जळतं, कार्बन डायऑक्साइड डिटेक्टर मोजतो, गुणक नाही काही नाही.

मुशीतला_धूर

@बारीकसारीक, मग चिखलपायांचे ४४.३ बरोबर आहेत म्हणता? ९३ टक्के सेंद्रिय पदार्थात ४४.३ कर्ब म्हणजे ४७.६ टक्केच झाला. इतक्या कुजलेल्या पीटला मला तो कमी वाटतो. चिखलपाय, नमुना पाठवताना वाळवला होतात का, आणि कुठे?

चिखलपाय

सावलीत हवेवर वाळवला होता, आठवडाभर. हाताला एकदम कोरडा लागत होता.

मुशीतला_धूर

हाताला कोरडं पीट कोरडं नसतं. त्यातलंच थोडं १०५ ला ठेवा, वजन स्थिर होईपर्यंत, आणि किती घटतं ते कळवा. जंगलाच्या मातीचंही करा.

चिखलपाय

केलं. पीटमध्ये १० टक्के पाणी निघालं!! जंगलाच्या मातीत ३.

ब्युरेटवाली

मग ४४.३ भागिले ०.९० म्हणजे ४९.२. आणि ५.० भागिले ०.९७ म्हणजे ५.२ धरा. मशीनने चूक केलीच नाही, तिला दिलेल्या वजनात पाणी होतं आणि रिपोर्टवर 'हवेत वाळवलेला' असं कुणी लिहिलं नाही. ९३ ला ४९.२ ने भागा, १.८९ येतो, तुमच्या पीटचा स्वतःचा गुणक. आता तो १.७२४ फेकून द्या.

फर्नेस टाकाऊ नाही हां. नमुने शेकड्याने असतील तर त्यातले २५-३० दोन्ही पद्धतींनी करायचे, आलेख काढायचा, स्वतःचं समीकरण बसवायचं आणि बाकीचे फर्नेसवर. फक्त ते समीकरण त्याच मातीपुरतं. पीटचं समीकरण जंगलाच्या मातीला लावू नका.

बारीकसारीक

मान्य. सीएचएनबद्दल एक मीच भर घालतो मग. मशीन एकूण कर्ब सांगतं, सेंद्रिय नाही. मातीत चुनखडी असेल तर तिचाही कर्ब त्यात येतो. पातळ हायड्रोक्लोरिक ऍसिडचा थेंब टाका, फसफसलं तर आधी ऍसिडने चुनखडी काढा किंवा ती वेगळी मोजून वजा करा. पावसाच्या पाण्यावर वाढलेलं आंबट पीट असेल तर बहुतेक प्रश्न येत नाही, पण झऱ्याच्या किंवा भूजलाच्या पाण्यावरचं असेल तर शिंपल्यांचा चुरा पण निघतो. आणि मशीनमध्ये जातात जेमतेम १०-२० मिलिग्रॅम, त्यामुळे नमुना पिठासारखा दळलेला पाहिजे, नुसता २ मिमी चाळणीतून काढलेला चालत नाही. एक मुळाचा तुकडा त्या चिमटीत गेला की उत्तर भलतीकडे.

रानवाट

मी उशिरा आले. सगळे प्रयोगशाळेत घुसलेत पण धाग्यात कुठेही बल्क डेन्सिटी (मातीची घनता, कोरडं वजन भागिले आकारमान) हा शब्द दिसला नाही. चिखलपाय, ती घेतलीय ना? की तुम्हाला फक्त टक्केच हवेत?

चिखलपाय

ती नंतर घेणार होतो... पुस्तकातून अंदाजे आकडा घेतला तर चालेल का? तसंही पीटमध्ये जंगलाच्या जवळजवळ दहापट कर्ब आहे हे तर दिसतंच आहे की.

रानवाट

नाही, तेच तर दिसत नाहीये! बसा, गणित करू. टक्के गुणिले घनता (ग्रॅम प्रति घनसेंमी) गुणिले जाडी (सेंमी), उत्तर थेट हेक्टरी टनात येतं, वेगळा गुणक लागत नाही.

पीट : ४९ × ०.१ × १५ = ७३.५ टन.
जंगल : ५.२ × ०.९ × १५ = ७०.२ टन.

बघा, वरच्या १५ सेंमीत दोघं जवळजवळ सारखेच. पीट म्हणजे बहुतांश पाणी, वाळवलं की हातात काहीच राहत नाही, म्हणून टक्के दहापट असूनही टन तेवढेच. पीट जिंकतं ते खोलीवर, जंगलाची माती खाली जाता जाता कर्बाने विरळ होते आणि पीट तीन मीटर खालीही ४९ टक्केच असू शकतं, म्हणजे हेक्टरी १४७० टन. जगाच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग पीटचा आणि तरी जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कर्ब तिथे, ते यामुळे. २०१७ मध्ये काँगोच्या खोऱ्यातल्या पीटचा पहिला नीट नकाशा आला, १,४५,५०० चौ. किमी आणि सुमारे ३० अब्ज टन कर्ब, तेव्हा लोक चिखलातून चालत जाऊन दांड्याने खोलीच मोजत होते.

आता मी ०.१ धरली ती अंदाजाने. पीटची घनता साधारण ०.०५ ते ०.२ मध्ये कुठेही असते, म्हणजे पुस्तकातला आकडा घेतलात तर उत्तर दुप्पट किंवा निम्मं. तुम्ही वर दशांशासाठी भांडताय आणि इथे चौपट फरकाची जागा मोकळी सोडलीय.

चिखलपाय

हात टेकले. कशी घेऊ ते सांगा.

रानवाट

पीटमध्ये साधा पाइप ठोकू नका, स्पंजसारखं दबतं. ठोकलाच तर बाहेर काढण्याआधी मोजा : बाहेर जमीन ते तळ ५० सेंमी आणि आत भरलेलं पीट ४१ असेल तर तुम्ही ते दाबलंय, घनता १.२२ पट जास्त दिसणार. रशियन कोअरर मिळाला तर उत्तम, त्याचं अर्धगोल भांडं बंद स्थितीत खाली जातं आणि खाली गेल्यावर फिरवलं की बाजूचं न दबलेलं पीट कापून आत घेतं. अगदी वरच्या शेवाळी थराला मात्र धारदार करवतीच्या सुरीने चौकोनी ठोकळा कापणं बरं. आणि आकारमान ओलं असतानाच मोजा, वाळलं की पीट आक्रसतं आणि परत पाणी घेत नाही.

जंगलात आधी वरचा पाचोळा वेगळा करा. २५ × २५ सेंमीची चौकट ठेवा, आतलं सगळं गोळा करा, वाळवून वजन करा, १६ ने गुणलं की चौरस मीटरला. न कुजलेला, अर्धवट कुजलेला आणि काळा झालेला थर जमलं तर वेगवेगळे पिशवीत भरा. मातीत मिसळलात तर दोन्ही गेलं. मग खाली स्टीलचं कडं, आडवं लाकूड ठेवून हळू ठोकायचं, मुळं कडेने कापायची. जाड जिवंत मुळं मातीत धरू नका, ती झाडाच्या हिशेबात येतात, नाहीतर एकच कर्ब दोनदा.

शून्य_गणित

दगडगोट्यांचं राहिलं. माती गोटेवाली असेल तर त्या ७०.२ मधून दगडांचा भाग वजा करा, २५ टक्के आकारमान दगडांचं असेल तर राहिले ५२.७.

रानवाट

@शून्य_गणित, थांबा, तसं सरसकट नाही. घनता कशी काढली त्यावर आहे. २ मिमीखालच्या मातीचं वजन भागिले अख्ख्या कड्याचं आकारमान असं केलं असेल तर दगडांची जागा त्यात आधीच गेलीय, पुन्हा वजा केलं तर दोनदा वजा. बारीक मातीचं वजन भागिले फक्त बारीक मातीचं आकारमान असं केलं असेल तरच ०.७५ लावा. आणि दगडांसकट सगळं वजन भागिले सगळं आकारमान असं काढून त्याला टक्के लावलेत तर तिसरी चूक, दगडांनाही ५.२ टक्के कर्ब दिलात.

शून्य_गणित

ओके, मी आजवर पहिलीवाली घनता काढून वर ०.७५ पण लावत होतो. कुणाला सांगू नका.

पाचोळा

किती ठिकाणचे नमुने घ्यायचे पण? मी दरवेळी एकाच जागेचे तीन घेतो.

रानवाट

शितावरून भाताची परीक्षा मातीत चालत नाही हो पाचोळा. खोडाजवळ वेगळं, दोन झाडांच्या मधे वेगळं, पडून कुजलेल्या ओंडक्याखाली तर भलतंच. एका जागेचे तीन म्हणजे एकच नमुना तीनदा. आधी विखरून दहाबारा घ्या, त्यांचा विखुरलेपणा बघा, मग किती लागतील ते ठरेल. आणि दोन-तीन वर्षांत कर्ब वाढला असं दाखवायचा बेत असेल तर विसरा, हेक्टरी ७० टनात वर्षाला अर्धा टन भर पडली तरी ती या विखुरलेपणात बुडून जाते.

मुशीतला_धूर

अवांतर, पण राहवत नाही. पाणी काढून कोरड्या केलेल्या पीटमध्ये तर टक्के साफ फसवतात. वरचं पीट हवा लागून कुजतं, कर्ब हवेत जातो, उरलेलं दबतं, जमीनच खाली बसते. तुम्ही दहा वर्षांनी परत जाऊन वरचे ३० सेंमी घ्या, टक्के तेच, घनता वाढलेली, गणित सांगणार कर्ब वाढला! इंग्लंडमधल्या होम फेन इथे १८५१ मध्ये लोखंडी खांब पीटमध्ये पुरला होता, माथा जमिनीच्या पातळीला ठेवून. आज तो सुमारे ४ मीटर बाहेर आहे. तो सगळा फरक ३० सेंमीच्या कोअरमध्ये (उभ्या नमुन्यात) दिसणार नाही, खालच्या मुरमापर्यंत किंवा चिकण थरापर्यंत पूर्ण खोली मोजली तरच दिसेल. खनिज मातीतही म्हणूनच दोन वेळांची तुलना सारख्या खोलीवर नको, सारख्या वजनाच्या मातीवर करा.

चिखलपाय

अपडेट. पीट १०५ ला वाळवून दळून वॉकली-ब्लॅक पुन्हा केलं, ०.०५ ग्रॅम. टायट्रेशन सुरू करेपर्यंत फ्लास्क केशरी-तपकिरी राहिला. रिडिंग ८.२, ६.७, ७.६, म्हणजे कर्ब ४६.०, ५१.९, ४८.४. आता अजिबात जुळत नाहीत आणि मला कधी नव्हे ते बरं वाटतंय. सरासरी ४८.८, सीएचएनचे ४९.२ शेजारीच.

अहवालात सीएचएनचाच आकडा लिहितो, १०५ ला कोरडा असं स्पष्ट घालून. घनतेसाठी पुढच्या आठवड्यात परत चिखलात. एक शेवटचं, हे वापरलेलं डायक्रोमेटचं पाणी बेसिनमध्ये...

ब्युरेटवाली

अजिबात नाही!! सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. टायट्रेशन झालेल्या फ्लास्कमध्ये ते बहुतेक तीन-संयुजी झालेलं असतं पण तेही ओतायचं नाही, आणि ब्लँक मधेच सोडून दिला असेल तर त्यात सहा-संयुजी तसंच आहे. वेगळी जाड बाटली करा, त्यावर लिहून ठेवा, घातक कचरा नेणाऱ्यांनाच द्या. आधीच्या तीन फ्लास्कचं काय केलंत?

चिखलपाय

बाटलीत आहेत. टाकायचा कंटाळा केला होता.